‘मराठवाड्यात उन्हाळ्यात डास कुठले?’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

परीक्षा संपत आल्या की एक मेसेज व्हॉट्सॲपवर फिरायला लागतो. ‘सुट्टीत शेतावर, धरणावर, गडावर मुक्कामाला निघालात? एक रुपया खर्च न करता डास-माश्या पळवा!’ असा त्याचा मथळा. खाली उपायांची रांग, शेवटी ‘विज्ञानानेही मान्य केलं आहे’ आणि हात जोडल्याची खूण. यंदा तो मला भावकीच्या ग्रुपवर आला, शाळेच्या ग्रुपवर आला आणि नाथसागराच्या काठी तंबू ठोकायला निघालेल्या मंडळींनीही पाठवला. त्यातले बरेच उपाय नुसते बिनकामाचे आहेत, तेवढ्यावर मी गप्प बसले असते. पण दोन-तीन असे आहेत की त्यापायी सहल सोडून दवाखाना गाठावा लागेल. म्हणून त्यातली एकेक ओळ घेऊन उत्तर देते.

‘आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये पाणीच नसतं, वर चाळीस अंशांचं ऊन. डास जगणारच कसे?’

ऐकायला पटतं. भर दुपारी उघड्या माळावर डास शोधूनही सापडायचा नाही, आणि पावसाळ्याच्या मानाने उन्हाळ्यात ते कमी असतात हेही खरं. पण कमी असणं वेगळं आणि नसणं वेगळं. आपल्याकडे पाणी नसतं तेव्हा काय होतं ते आठवा. नळ आठ-आठ दिवसांनी येतो, टँकरचा भरवसा नसतो, म्हणून माणूस हाताला लागेल त्या भांड्यात पाणी भरून ठेवतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ती टोकाची वेळ. पण ड्रम, टाक्या, रांजण, हौद हा तर आपला दरवर्षीचा उन्हाळा आहे. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला हेच लागतं. गटार त्याला नको असतं, सावलीत साठवलेलं स्वच्छ पाणी हवं असतं. उन्हाळ्याच्या उबेत अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणजे पुढचं पाणी येईपर्यंत तुमच्या ड्रममधून एक पिढी उडून गेलेली असते. टंचाईनेच त्यांची सोय केली म्हणायची.

शिवाय एडिसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर कडेला चिकटवते. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात आणि पाणी वर चढलं की फुटतात. म्हणून ड्रम नुसता ओतून भागत नाही, आतून काथ्याने घासावा लागतो. आशाताई ‘कोरडा दिवस पाळा’ म्हणून दारोदार सांगत फिरतात, त्याचं कारण हे.

शेतातल्या घरी उतरलात की गादी टाकायच्या आधी ड्रमचं झाकण काढून आत बॅटरी मारा. पाण्याच्या पृष्ठभागाला शेपटाकडून लटकलेल्या, डोकं खाली केलेल्या बारीक अळ्या दिसतील. ड्रमला टिचकी मारली किंवा वर हाताची सावली पडली की सगळ्या वळवळत तळाला जातात आणि थोड्या वेळाने श्वास घ्यायला पुन्हा वर येतात. त्या शेपटाकडच्या नळीनेच श्वास घेतात. असा ड्रम लगेच रिकामा करा. मोठा हौद असेल तर मालकाला गप्पी मासे सोडायला सांगा. आणि कूलर बघा. होळी झाली की माळ्यावरचा कूलर खाली येतो, त्याच्या तळात पाणी आठ-आठ दिवस तसंच राहतं, आणि आपण त्याच्यासमोर मुलांना झोपवतो.

धरणाच्या काठचं गणित वेगळं. पाणी मागे सरकतं, गाळपेराची जमीन उघडी पडते, तिथे जनावरांच्या खुरांच्या खड्ड्यांत आणि नदीत वाळू उपसलेल्या खळग्यांत पाणी साचून राहतं. हिवतापाचा ॲनॉफिलीस अशा जागी वाढतो. उलट संध्याकाळी काठावर दिव्याभोवती जे थवेच्या थवे घोंघावतात, ज्यांच्या धास्तीने लोक तंबू गुंडाळतात, ते बहुतेक वेळा डास नसतातच. डासासारख्याच दिसणाऱ्या त्या माश्यांना टोचायची सोंडच नसते. डोळ्यात-ताटात पडतात, एवढाच त्रास. दिवा तंबूपासून लांब टांगा, काम झालं.

‘ज्याचं रक्त गोड, त्यालाच डास चावतात. निघण्याआधी आठवडाभर लसूण आणि बी-कॉम्प्लेक्स घ्या.’

डास रक्ताची चव घेऊन माणूस निवडत नाही. श्वासातला कार्बन डायऑक्साइड त्याला दुरून खेचतो. जवळ आल्यावर अंगाची ऊब आणि कातडीचा वास. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना हातावर नायलॉनचे मोजे घालायला लावले आणि ते डासांपुढे ठेवले. ज्यांच्या कातडीवर कार्बोक्सिलिक आम्लं जास्त, त्यांच्या मोज्यांवर डास तुटून पडले, आणि हा फरक वर्षानुवर्षं तसाच राहिला. हा अभ्यास २०२२ चा. तेव्हा ‘मलाच का चावतात’ ही तुमची तक्रार खोटी नाही, पण साखरेचा त्यात संबंध नाही. लसूण आणि ब जीवनसत्त्व या दोन्हींच्या चाचण्या २००५ मध्ये प्रसिद्ध झाल्या. दोन्हींचा उपयोग दिसला नाही. लसूण ठेच्यात घाला.

‘लिंबाचा रस, कापूर आणि खोबरेल तेल एकत्र करून अंगाला चोळा.’

या ओळीचा मला सगळ्यात जास्त राग आहे. लिंबाच्या रसात आणि सालीत फ्युरोकुमरिन नावाची द्रव्यं असतात. ती कातडीवर असताना ऊन लागलं की भाजल्यासारखं होतं. लगेच नाही; एक-दोन दिवसांनी लाली येते, आग होते, कधी मोठे फोड येतात, आणि नंतर राहिलेले काळे डाग जायला आठवडे, कधी महिने लागतात. म्हणजे वेरूळला किंवा म्हैसमाळला दिवसभर उन्हात हिंडायचं आणि अंगावर लिंबू! सरबत करतानाही रस हातावर सांडला तर धुऊन मगच उन्हात जा. राहिला कापूर. तो लहान मुलाच्या पोटात गेला तर झटके येऊ शकतात, आणि लहान मूल हात तोंडात घालणारच. नुसतं खोबरेल लावायचं तर लावा, थोडा वेळ अटकाव करेल. मेसेजमध्ये लिंबात लवंगा खोचायलाही सांगितलंय, त्या मात्र फोटोपुरत्याच.

‘बाजारातली क्रीमं म्हणजे विष. मुलांना तर अजिबात लावू नका.’

अशा काही क्रीमांत असणारं डीट हे रसायन अमेरिकेत सामान्य लोकांना १९५७ पासून मिळतं. इतकी वर्षं इतक्या लोकांनी वापरलेलं दुसरं डास-रोधक नाही. २००२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये वेगवेगळ्या डास-रोधकांची तुलना आली. २३.८ टक्के डीट असलेल्या द्रवाने सरासरी पाच तास एकही चावा होऊ दिला नाही. सिट्रोनेला या सुगंधी गवताच्या तेलाची उत्पादनं वीस मिनिटांतच गळपटली. औषध लावलेले मनगटी पट्टे तर लावले काय न लावले काय, सारखंच. हे पट्टे यात्रेतल्या दुकानांत अजून टांगलेले दिसतात. आपल्याकडेही डीआरडीओने डेपा नावाचं रोधक शोधलेलं आहे, तेव्हा ‘परदेशी विष’ हा सूर तरी बंद करा.

पथ्यं आहेतच. दोन महिन्यांखालच्या बाळाला डीट लावत नाहीत, त्याला मच्छरदाणीच. थोड्या मोठ्या मुलांच्या तळहातांना, डोळ्यांजवळ, खरचटल्या जागी नाही. सनस्क्रीन आधी, हे नंतर. कपड्यांच्या आत लावायचं नाही, झोपण्यापूर्वी धुऊन टाकायचं. चष्म्याच्या फ्रेमला लागू देऊ नका, डीट प्लास्टिक खातं. आणि आपल्या उन्हाळ्यात घाम इतका येतो की पाच तासांचा हिशेब धरूच नका, पुन्हा लावा. ट्यूब घेताना जाहिरात सोडून मागची घटकांची ओळ वाचा.

‘मोबाइलमध्ये ॲप घ्या, त्याच्या आवाजाने डास पळतात.’

नाही पळत. प्रत्यक्ष ठिकाणी केलेल्या दहा अभ्यासांचा आढावा २००७ मध्ये घेतला गेला. आवाजाच्या यंत्रांनी चावे कमी झाले नाहीत. बॅटरी टॉर्चसाठी राखा. वीज असेल तर साधा टेबलफॅन बाजेच्या पायथ्याशी लावा. डास उडण्यात कच्चा असतो, वाऱ्यापुढे त्याचं चालत नाही.

‘संध्याकाळी गोवऱ्या आणि कडुनिंबाचा धूर करा. धुरापुढे मधमाश्यासुद्धा टिकत नाहीत.’

पहिलं वाक्य अर्धं खरं आहे. गोठ्यात धुरी देतात, डास थोडे हटतात. पण वारा फिरला की धूर एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे. बंद तंबूत धूर किंवा कॉइल मात्र नकोच. २००३ च्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघालेले सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या बरोबरीचे भरले. शिवाय तंबूचं कापड, गाद्या आणि पेटती कॉइल एकत्र ठेवायची काय गरज?

दुसरं वाक्य जीवावर बेतेल. अजिंठ्याचा कडा, पितळखोऱ्याची दरी, दौलताबादचा किल्ला, गावाबाहेरची पाण्याची टाकी, जुना वड, अशा उंच जागी आग्या मोहोळं लटकलेली असतात. पळस-पांगारा फुलण्याच्या या दिवसांत ती भरलेली असतात. लांबून पाहिलं तर काळसर अर्धचंद्र दिसतो, आणि मध्येच त्याच्यावरून लाटेसारखी एक थरथर सरकत जाते. मधमाश्याच एकामागून एक पोट उचलून ती लाट करतात. शत्रूला दिलेली ती ताकीद असते. मोहोळाखाली शेकोटी पेटवली की त्या पळून जात नाहीत, खाली येतात. एकीने डंख मारला की तिथे पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो आणि बाकीच्यांना नेमकी जागा कळते. अजिंठ्यात पर्यटकांवर मधमाश्या उठल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या आहेत. कड्याखाली धूर नको, फटाके नकोत, दगड तर नकोच नको, आणि भडक अत्तर घरी ठेवा.

उठल्याच तर हात झटकत उभं राहायचं नाही. तोंडावर उपरणं किंवा ओढणी घेऊन पळत सुटायचं, ते बंद गाडीत किंवा खोलीत शिरेपर्यंत. पाण्यात उडी मारू नका, त्या वर घिरट्या घालत थांबतात. काटा कातडीत राहतो आणि त्याची पिशवी विष सोडतच राहते. म्हणून नखाने, कार्डाने, कशानेही, पण ताबडतोब काढा. चुना लावण्यात आणि लोखंड घासण्यात तीच मोलाची मिनिटं जातात. काटा काढून झाला की थंड पाण्याची घडी ठेवा. डंख बरेच असतील, ओठ-जीभ सुजली, श्वास अडकला, तर १०८ ला फोन.

‘गोठ्याशेजारी झोपा, डास जनावरांना चावतात. गोचीड चिकटली तर रॉकेल टाका.’

ॲनॉफिलीसच्या काही जाती गुरांचं रक्त पसंत करतात, तेवढा आधार आहे. पण गुरांमुळे तिथे डासही जास्त जमतात, आणि उरलेले तुमच्याकडे वळतात. गोचिडी तर गोठ्याच्या भिंतीच्या फटीत तुमची वाटच बघत असतात. त्यांच्यावर रॉकेल टाकलं किंवा काडीचा चटका दिला तर त्या बिचकतात आणि पोटातलं आपल्या अंगात ओकू शकतात. बारीक टोकाच्या चिमट्याने अगदी कातडीलगत धरा, पिळ न देता सरळ वर ओढा, जागा साबणाने धुवा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना ‘गोचीड चावली होती’ हे आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही.

‘निसर्गाशी एकरूप व्हा, उघड्यावर झोपा.’

झोपा की! येरमाळ्याच्या यात्रेला गेलेली, शेतात आंब्याखाली पहुडलेली माणसं उघड्यावरच झोपतात, आणि चैत्रातल्या रात्रीसारखी झोप घरात येत नाही. फक्त मच्छरदाणी लावून. बाजेच्या चार पायांना चार काठ्या बांधा, दाणी त्यांवर ताणा आणि खालची कड गोधडीखाली सगळीकडून खोचा. दाणी अंगाला टेकू देऊ नका. कोपर टेकलं की डास बाहेरूनच टोचतो. वाळूमाशी डासापेक्षाही बारीक, साध्या जाळीतून आत शिरते, तेव्हा पडक्या भिंती आणि जमिनीच्या भेगांपासून बाज लांब ठेवा. एडिस मात्र दिवसा चावतो, सकाळी आणि दिवस मावळायच्या आधी. त्या वेळी मुलं पाण्याच्या टाकीजवळ खेळत असतात, म्हणून अंगात फिक्या रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे तेव्हाही हवेत, नुसते रात्री जेवताना नव्हे.