टाच उंच म्हणजे वजन पुढे? स्कीच्या बाइंडिंगवरच्या त्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

नोव्हेंबर लागला की स्कीइंगवाल्या ग्रुपांमध्ये एक मेसेज फिरायला लागतो, गुलमर्ग नाहीतर औलीच्या कोर्सला निघालेली मुलं पाठवतात, कॅलगरी-डेन्व्हरकडची आपली मंडळी पण पाठवतात, आणि खाली सगळे अंगठा दाखवून मोकळे होतात. मेसेज थोडक्यात असा: बाइंडिंग म्हणजे बूट धरून ठेवणारा चाप, तोलाशी त्याचा काही संबंध नाही. टाच जितकी उंच तितकं वजन आपोआप पुढे येतं. वजनाला दहाने भागा, आला तुमचा डिन, म्हणजे किती जोर पडल्यावर बाइंडिंगने बूट सोडायचा तो आकडा. स्की सारखी निघत असेल तर डिन वाढवा. गुडघे आत वळत असतील तर बुटाचा कफ, म्हणजे नडगीभोवतीचा वरचा भाग, फिरवून घ्या. आणि डिन कमी ठेवला की गुडघा सेफ.

यातली बरीच वाक्यं चूक आहेत, एखादं अर्धं खरं आहे, आणि लोक त्यावर विश्वास ठेवून स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतात म्हणून हे सविस्तर लिहितेय.

टाचेपासून सुरू करते, कारण सगळ्यात जास्त लोक तिथेच फसतात. बूट बाइंडिंगमध्ये बसला की चवडा ज्या पट्टीवर टेकतो ती आणि टाच जिच्यावर टेकते ती, या दोन्ही क्वचितच एका उंचीवर असतात, बहुतेक वेळा टाच काही मिलिमीटर वर असते, या फरकाला डेल्टा म्हणतात. बुटाच्या आत पायाखाली जी फळी असते तिला स्वतःचा उतार असतो तो वेगळा, आणि कफ पुढे कललेला असतो ते आणखी वेगळं. हे सगळं मिळून तुम्ही उतारावर कसे उभे राहणार ते ठरतं, आणि ते तुम्ही पहिलं वळण घ्यायच्या आधीच ठरलेलं असतं. त्यामुळे "तोलाशी संबंध नाही" हे पहिलं वाक्य इथेच निकालात निघतं.

आता टाच उंच केली की वजन पुढे येतं, हे ऐकायला एकदम पटतं. पण स्कीच्या बुटात घोटा जवळजवळ जखडलेला असतो. टाच वर गेली की नडगी पुढे ढकलली जाते, गुडघा पुढे जातो, आणि तोंडावर पडायला नको म्हणून शरीर न सांगता कंबर मागे टाकतं. म्हणजे गुडघे पुढे, बूड मागे, खुर्चीत बसल्यासारखं. मांड्या दोन रनमध्ये पेटतात, स्कीचं टोक हलकं पडतं, वळण सुरूच होत नाही. इन्स्ट्रक्टर मागून ओरडतो "पुढे ये, पुढे ये", माणूस जीव खाऊन नडगी बुटावर दाबतो, आणि कंबर आणखी मागे जाते.

आमच्या ग्रुपमधल्या एका मैत्रिणीचं हेच चाललं होतं. साडेबावीसचा, म्हणजे छोट्या मापाचा बूट, तब्येत उत्तम, सह्याद्रीत वर्षानुवर्षं ट्रेक केलेली बाई, आणि तरी निळ्या रनवर, म्हणजे फारशा अवघड नसलेल्या उतारावर, दर शंभर मीटरला थांबून मांड्या चोळत उभी. सगळे तिला स्क्वॉट्स करायला सांगत होते. शेवटी एका बूटफिटरने, म्हणजे पायाप्रमाणे बूट बसवून देणाऱ्याने, तिची स्की टेबलावर आडवी ठेवली, पुढच्या आणि मागच्या टेकण्याच्या जागांची उंची कॅलिपरने मोजली, मग तिला बुटासकट फरशीवर उभं करून चवड्याखाली ३ मिमीची पट्टी सरकवली. ती काही बोलायच्या आधीच तिची कंबर पुढे आली, बाजूने बघणाऱ्या आम्हाला ते स्पष्ट दिसलं. नंतर त्याने पुढच्या भागाखाली बाइंडिंगच्या खाली तेवढ्याच जाडीची शिम, म्हणजे पातळ पट्टी, बसवली, तिथल्या भाषेत याला गॅस पेडल म्हणतात, पुढचा पाय उचलला जातो म्हणून. ताकद तिच्यात आधीपासून होती, ती सगळी स्वतःला सावरण्यात खर्च होत होती.

छोट्या बुटाचा मुद्दा मुद्दाम सांगितला, कारण हे गणित कोणी सांगत नाही. डेल्टा मिलिमीटरमध्ये असतो आणि पायाला जाणवतो तो कोन. बुटाचा सोल २६५ मिमी असेल तर साधारण साडेचार मिमी फरकाला एक अंश पडतो, सोल ३२५ मिमी असेल तर त्याच एका अंशाला साडेपाचच्या वर मिमी लागतात. म्हणजे नवरा-बायकोने दुकानातून सेम मॉडेलचं बाइंडिंग घेतलं तरी बायको जास्त उतारावर उभी असते. आणि मग तिलाच ऐकवलं जातं की तू घाबरून मागे बसतेस. मला याचा मनापासून राग येतो, कारण कित्येक बायका एवढ्यावरून "हा खेळ आपला नाही" म्हणून सोडून देतात. टूरिंगची, म्हणजे स्कीवरूनच डोंगर चढायची, पिन बाइंडिंग घेणाऱ्यांनी तर हे नक्की तपासावं, काही मॉडेलमध्ये टाच १० मिमीच्याही वर असते, आणि रिसॉर्टच्या स्कीवर छान चालणारा माणूस टूरिंग सेटअपवर अचानक नवशिका दिसायला लागतो.

पण याचा अर्थ सगळ्यांनी टाच खाली आणावी असा पण नाही हं. ज्यांचा घोटा कडक आहे, मांडी घालून किंवा उकिडवं बसताना टाचा उचलल्या जातात, त्यांना थोडी उंच टाच उलट बरी पडते. म्हणून आधी घरी बघा: बूट घाला, बकल लावा, सपाट फरशीवर उभे राहा, आणि कोणाला तरी बाजूने फोटो काढायला सांगा. मग चवड्याखाली तीन मिलीची प्लायची पट्टी ठेवून एक फोटो, टाचेखाली ठेवून एक. प्रत्येक वेळी गुडघे वाकवून खाली-वर व्हा. ज्यात तळव्यावर सगळीकडे सारखा भार वाटतो आणि मांड्या ताणल्या जात नाहीत, ती तुमची दिशा. एवढंच घरी करायचं. पट्टी बुटाला चिकटवून स्की करायला जाऊ नका, त्याने बुटाची बाइंडिंगमधली उंची बदलते आणि सुटायच्या वेळी स्की सुटेलच याची खात्री राहत नाही. शिम बाइंडिंगखाली जाते, तिच्या जाडीइतके जास्त लांब स्क्रू लागतात, ते काम दुकानातल्या टेक्निशियनचं.

डिनचा मुद्दा. वजन भागिले दहा. हा फॉर्म्युला कोणी काढला देव जाणे. डिन ठरवायची पद्धत आयएसओ ११०८८ या आंतरराष्ट्रीय मानकात दिलेली आहे आणि तिच्यात वजन आहे, उंची आहे, वय आहे, बुटाच्या सोलची लांबी आहे, आणि तुम्ही कसे स्की करता तो टाइप आहे, जपून, मध्यम की आक्रमक. वजन आणि उंची चार्टच्या वेगवेगळ्या ओळीत पडली तर खालचा आकडा देणारी ओळ घ्यायची. वय ५० किंवा जास्त असेल तर आणखी एक ओळ कमी. सोल लांब असेल तर आकडा कमी, कारण लांब सोल म्हणजे लांब तरफ, कमी जोरात तेवढाच पीळ नडगीवर येतो. आता ७० किलोचे दोघे घ्या, एक पंचविशीतला, छोट्या बुटाचा, जोरात जाणारा, दुसरा पंचावन्नचा, मोठ्या बुटाचा, सावकाश जाणारा. मेसेज दोघांनाही ७ सांगतो. चार्टमध्ये दोघं कित्येक ओळी लांब पडतात, आणि त्या दुसऱ्या काकांना ७ वर ठेवणं म्हणजे पडल्यावर स्की न सुटण्याची सोय करून ठेवणं. शिवाय बाइंडिंगवरचा आकडा हा नुसता स्प्रिंगचा आकडा, जुनी स्प्रिंग त्या आकड्याला खरंच किती जोरात सुटते ते दुकानातल्या टॉर्क टेस्टरवरच कळतं.

"स्की निघते म्हणून डिन वाढवा" हे तर डेंजर आहे. स्की उगाच निघते तेव्हा आधी बाकीची कारणं बघायची असतात. बुटाखाली बर्फ दाबून बसलाय का, हे पहिलं, आत पाय घालण्याआधी सोल खरवडायची सवय नसेल तर कित्येकदा स्की एवढ्यानेच निघते. मग फॉरवर्ड प्रेशर: टाचेचा भाग बुटाला पुढे किती दाबतो त्याची खूण मागच्या तुकड्यावर असते, बूट बदलला आणि ती पुन्हा लावली नाही तर डिन कितीही ठेवा, बूट सैल. मग सोलची झीज, हॉटेलपासून गोंडोलापर्यंत डांबरी रस्त्यावर बूट घालून चालणाऱ्यांच्या सोलचे पुढचे-मागचे ओठ, म्हणजे बाइंडिंग जिथे धरतं त्या कडा, गोल होतात. आणि सोलचा प्रकार: आयएसओ ५३५५ चा सपाट अल्पाइन सोल वेगळा, ग्रिपवॉकचा, चालायला सोपा जावा म्हणून वाकडा केलेला सोल वेगळा, बाइंडिंगवर ग्रिपवॉकची खूण नसेल तर तो बूट त्यात घालायचाच नाही. यातलं काहीही बिघडलेलं असताना डिन वाढवला तर दोष तसाच राहतो, फक्त खरं पडाल तेव्हा स्की पायाला चिकटून राहते. आणि जास्त डिनने कंट्रोल वाढतो असं जे सांगतात, त्यांनी हे लक्षात घ्यावं की डिन फक्त कधी सुटायचं ते ठरवतो.

गुडघे आत येण्याबद्दल. कफचा स्क्रू फिरवला की कफ तुमच्या नडगीच्या वळणाशी जुळतो, ते करायला हवंच, पण तळव्याखालचा कोन त्याने तसूभरही बदलत नाही. तो बदलायला कॅंटिंग लागतं, म्हणजे बूट आडवा किंचित कलता करणं. बूट घालून, पाय खुब्याइतक्या अंतरावर ठेवून, गुडघे थोडे वाकवून उभे राहा आणि गुडघ्याच्या वाटीच्या मधोमध ओळंबा धरा. तो बुटाच्या मधोमध किंवा किंचित आत पडला तर ठीक, अंगठ्याच्याही बराच आत पडत असेल तर गडबड आहे. तरी थेट कॅंटिंगवर उडी मारायची नसते: आधी बुटातला फूटबेड (तळव्याखालचा आधार), मग कफ, मग पुढचा-मागचा उतार, आणि सगळ्यात शेवटी आडवा कोन, कारण आधीच्या तिन्हींनी गुडघा जागेवर येऊ शकतो. कॅंटिंग करताना बाइंडिंगखाली पाचर घातली तर डावी-उजवी स्की कायमची ठरून जाते आणि भाड्याच्या स्कीवर उपयोग शून्य. बुटाचा सोल तासून घेतला तर तो कोन तुमच्याबरोबर फिरतो, फक्त तासल्यावर पुढचा ओठ पुन्हा १९ मिमी आणि मागचा ३० मिमीच्या मापात आणून घ्यायचा, नाहीतर बाइंडिंग बुटाला नीट धरत नाही.

बाइंडिंग स्कीवर पुढे-मागे कुठे बसलंय हा पण तोलाचाच भाग. बुटाच्या मधली खूण स्कीवरच्या रेषेवर येते की नाही ते आधी बघा. भाड्याच्या बाइंडिंगचे दोन्ही तुकडे बहुतेक पट्टीवर सरकतात, त्यामुळे एक सेंटीमीटर पुढे घेऊन बघायला पैसे लागत नाहीत, आणि तेवढाही फरक पायाला कळतो.

आता शेवटचं, गुडघा. अमेरिकेत व्हरमाँटच्या शुगरबुश रिसॉर्टवर १९७२ पासून जॉन्सन, एटलिंगर आणि शीली या तिघांनी स्कीच्या दुखापतींची नोंद ठेवली. सुटणारी बाइंडिंग सुधारत गेली तसं नडगी मोडण्याचं प्रमाण खूप खाली आलं. त्याच काळात गुडघ्यातला एसीएल लिगामेंट तुटण्याचं प्रमाण मात्र वाढलं. कारण सगळं डिनचं गणित नडगीच्या ताकदीवर बांधलेलं आहे. नेहमीचं बाइंडिंग पुढून आडवं सुटतं आणि मागून वर सुटतं. माणूस मागे बसत पडतो, कंबर गुडघ्यांच्या खाली जाते, सगळा भार खालच्या स्कीच्या शेपटीच्या आतल्या कडेवर येतो आणि ती शेपटी गुडघा पिळते, तेव्हा सुटण्याची आज्ञा बाइंडिंगला मिळतच नाही. डिन ४ असो की ८. म्हणून "कमी डिन, सेफ गुडघा" हे ऐकून निर्धास्त होऊ नका. नडगीसाठी डिन चार्टप्रमाणे ठेवा, आणि गुडघ्यासाठी मागे बसणं थांबवा, आणि ते थांबवायला वर सांगितलेल्या त्या तीन-चार मिलिमीटरची खरी मदत होते.

गुलमर्गला किंवा औलीला भाड्याने घेणार असाल तर वजन आणि वय खरं सांगा, बायकांनी वजन कमी आणि पुरुषांनी लेव्हल जास्त सांगायची सवय तेवढ्यापुरती बाजूला ठेवा. बुटाच्या टाचेजवळ बाजूला सोलची लांबी मिमीमध्ये कोरलेली असते, ती वाचून दुकानदाराला दाखवा, आकडा लावल्यावर मागच्या तुकड्यावरची फॉरवर्ड प्रेशरची खूण स्वतः वाकून बघा, आणि चारही ठिकाणचे आकडे, दोन पुढचे दोन मागचे, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. दुसऱ्या दिवशी दुसरी जोडी हातात आली तर तुलना करायला तेच कामाला येतात.