‘स्टँडर्डच घ्या’ हे माझं वाक्य, आणि न्यू जर्सीतलं घर

नमस्कार. ‘पावत्या जमवत बसू नका, सरळ स्टँडर्ड डिडक्शन (अमेरिकेच्या आयकरात सरसकट मिळणारी ठरावीक वजावट) घ्या, हा तुमच्या लेखातला सल्ला न्यू जर्सीत घर असलेल्या आम्हा लोकांना बुडवणारा आहे,’ असं तुम्ही लिहिलंत. तुमचं बरोबर आहे. 2018 पासून स्टेट टॅक्स आणि प्रॉपर्टी टॅक्स मिळून 10 हजार डॉलरच वजावटीत धरता येत होते, त्या हिशोबाने मी ते लिहिलं होतं. जुलै 2025च्या कायद्याने ती मर्यादा 40 हजारांवर गेली (उत्पन्न 5 लाखांच्या वर असेल तर ती घटत जाते), आणि मी लेख मात्र तसाच ठेवला. ही चूक माझी.

आता हिशोब मांडू. दोघांचं मिळून उत्पन्न 2 लाख, प्रॉपर्टी टॅक्स 13,000, स्टेट टॅक्स 8,500, मॉर्गेजचं (घरकर्जाचं) व्याज 14,000, देणग्या 2,500. बेरीज 38,000. हेच आकडे 2024 मध्ये असते, तर मर्यादेमुळे 26,500च धरता आले असते आणि 29,200चं स्टँडर्ड सरस ठरलं असतं. 2025 साठी स्टँडर्ड 31,500 आहे, त्यामुळे आयटमाइज करणं, म्हणजे एकेक खर्च मोजून वजावट घेणं, 6,500ने फायद्याचं.

पण ‘38 हजारांची सूट मिळाली’ असं तुम्ही म्हणता, तिथे मला थांबवावंसं वाटतं. 31,500 तर काहीही न करता मिळतच होते. तुमची कमाई वरच्या 6,500ची, आणि 22 टक्के कराच्या टप्प्यात त्यावर कर वाचतो 1,430 डॉलर. म्हणून ‘व्याजावर सूट मिळते, तर कर्ज लवकर कशाला फेडायचं’ हे तुमचं म्हणणं मला खरोखर काळजीचं वाटतं. व्याज काढून टाकलं तर तुमची यादी 24,000वर येते, म्हणजे स्टँडर्डच्या खालीच. वर्षभरात 14,000 डॉलर व्याज बँकेला दिलं, त्याच्या बदल्यात हातात आले 1,430. पैसे शिल्लक पडत असतील आणि व्याजदर जड असेल, तर या वजावटीसाठी कर्ज ओढत राहू नका.

गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराला पाठवलेली रक्कम यात धरू नका. अमेरिकेत मान्यता असलेल्या संस्थेलाच दिलेली देणगी चालते. शिवाय 2026 पासून आयटमाइज करणाऱ्याला उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्यापर्यंतची देणगी धरता येत नाही, म्हणजे तुमचे पहिले 1,000 गेले. उलट स्टँडर्ड घेणाऱ्या जोडप्याला 2026 पासून रोख देणगीवर 2,000 पर्यंत वेगळी वजावट मिळते. त्यामुळे 2026 साठी हीच बेरीज नव्याने करावी लागेल. 40 हजारांची सवलतही कायमची नाही: दरवर्षी एक टक्का वाढत 2029 पर्यंत, आणि 2030 मध्ये पुन्हा 10 हजार.

मूळ लेखातलं ते वाक्य आज काढलं आहे. त्या जागी वरचा हिशोब घातला आहे.