घरची लाईट

पूर्वी लाईट गेली की एक बरं असायचं, शिव्या द्यायला कोणीतरी असायचं. अख्खं गाव एका सुरात "गेऽऽली" म्हणायचं, मग पांघरुणं घेऊन घराच्या धाब्यावर जायचं आणि झोप लागेपर्यंत कंपनीच्या नावानं मनसोक्त बोलायचं. आता आमच्या घरात लाईट गेली की सगळे माझ्याकडं बघतात. कारण आता कंपनी मीच आहे.

झालं असं की आम्ही गावातलं घर भावाला देऊन यावल तालुक्यातल्या आमच्या मळ्यात राहायला आलो. बाजूला केळी, समोर सातपुडा, सगळं फोटोत टाकण्यासारखं. पण लाईट पंपाच्या लाईनीवरची, म्हणजे एक आठवडा दिवसा आठ तास आणि पुढचा आठवडा रात्री. रात्रीची पाळी आली की ब्याटरी घेऊन केळीत शिरायचं, त्यात बिबट्याची भीती, पान हललं तरी मी पंपाला राम राम करून परत. घरासाठी वेगळं कनेक्शन पाहिजे तर सात खांब टाकावे लागतील म्हणे, आणि त्या खांबांचं "होईल, होईल" ऐकण्यात दोन उन्हाळे गेले. तिसऱ्या उन्हाळ्यात मी आबांना म्हटलं, आपली लाईट आपणच बनवायची.

आबा म्हणाले, "बनव. पापड बनवणं अन् लाईट बनवणं सारखंच."

टोमणा होता, मला आशीर्वाद वाटला.

सुरुवात केली वाऱ्यापासून. साक्रीकडं एका लग्नाला गेलो होतो तेव्हा ब्राह्मणवेलच्या डोंगरावरच्या पवनचक्क्या बघितलेल्या, इतक्या आरामात फिरत होत्या की वाटलं यात अवघड ते काय. भुसावळच्या भंगारातून जुन्या गाडीचा अल्टरनेटर आणला बाराशेला. पात्यांचा तर प्रश्नच नाही, जळगाव जिल्ह्यात एक वेळ पाणी मिळणार नाही पण पाइप मिळेल, सहा इंची पाइप उभा चिरला की पात्याला हवा तसा बाक आपोआप येतो. पंधरा फुटी खांबावर चढवलं आणि काय सांगू, जत्रेतल्या पाळण्यासारखं फिरायला लागलं! येणारा-जाणारा थांबून विचारायचा, "काय करून राह्यला रे भो?" मी म्हणायचो, लाईट.

संध्याकाळी चक्कीला जोडलेली गाडीची ब्याटरी मोजली, १२.६ व्होल्ट. रात्रभर चक्की फिरली. सकाळी मोजली तर ११.९.

मी मीटरच बदलून बघितला. मग कळलं ते असं की गाडीच्या अल्टरनेटरात लोहचुंबक नसतंच, आतलं चुंबक तयार करायला तो आधी ब्याटरीतूनच तीनेक अँपिअर ओढून घेतो, आणि परत देणं सुरू करतो ते मिनिटाला हजारभर फेरे झाल्यावर. माझी चक्की फिरत होती दोन-अडीचशे फेऱ्यांनी. म्हणजे म्हैस दूध द्यायच्या ऐवजी रात्रभर गोठ्यात बसून घरातलंच दूध पीत होती. शिवाय वारा अर्धा झाला की त्याची ताकद आठवा हिस्सा राहते, ती ब्राह्मणवेलची मंडळी डोंगरमाथ्यावर उंच उभी असतात आणि माझी निंबाच्या आडोशाला. आबांनी फक्त एवढंच विचारलं, "मग युनिट कितीला पडलं?"

मध्ये सायकलचा पण एक प्रयोग झाला, भाच्याला डायनामोला जुंपला. माणूस दमेपर्यंत पायडल मारून शंभरेक वॅट काढतो, म्हणजे एक युनिट करायला दहा तास. भाच्यानं पाऊण तास मारले आणि त्यावर जेवढी शेवभाजी खाल्ली त्या हिशोबानं जगातली सगळ्यात महाग लाईट आमच्याच घरात तयार झाली असणार. तो विषय तिथंच संपवला.

मग मुकाट्यानं सोलर घेतलं. ३३० वॅटचे दोन प्यानल, १५० अँपिअरच्या दोन ब्याटऱ्या आणि एक इन्व्हर्टर. भुसावळजवळ दीपनगरच्या वीज केंद्रात नवा संच उभा राहिला तो ६६० मेगावॅटचा, माझा ६६० वॅटचा, फरक फक्त मेगाचा, असं मी आठ दिवस सगळ्यांना ऐकवलं. उन्हाची तर आपल्याला काय कमी, मे महिन्यात आमच्याकडं पारा ४५ च्या वर जातो, म्हटलं आता कूलर काय आणि फ्रीज काय.

इथं दुसरा धक्का. प्यानलवर लिहिलेले ३३० वॅट असतात २५ अंशाला. त्याच्या वर प्रत्येक अंशाला साधारण पाव ते अर्धा टक्का कमी होत जातं, आणि आमच्या स्लॅबवरची काच दुपारी सत्तरीला टेकलेली असते, हात लावला तर "आई गं" निघतं. म्हणजे याला ऊन पाहिजे खान्देशातलं आणि हवा पाहिजे तोरणमाळची. असा जावई कुठं असतो का?

तरी दिवसाला अडीच युनिटपर्यंत येत होतं, ब्याटरी अर्ध्याच्या खाली नेली की लवकर मरते म्हणून मी वेळापत्रक करून भिंतीवर लावलं. मिक्सर अकरा ते एक. कूलर रात्री दहा ते चार. इस्त्री कधीच नाही. आईनं ते वाचलं आणि म्हणाली, "म्हंजे लोडशेडिंगच ना?"

मग एक दिवस भर दुपारी, आकाशात ढगाचा ठिपका नसताना, मीटरवर चार्जिंग एकदम खाली, दोन अँपिअर. मी फ्यूज काढले, घातले, वायरी घासल्या, ब्याटरीत डिस्टिल वॉटर बघितलं, शेवटी वायरमनला फोन लावला. तो म्हणाला, प्यानलवर सावली आहे का कशाची? मी म्हटलं, मे महिन्यात सावली असती तर मी स्वतः तिथं जाऊन बसलो नसतो का! तरी शिडीनं वर गेलो.

दोन्ही प्यानलवर आबांची जुनी धोतरं अंथरलेली, आणि त्यावर ओळीनं बिबडे. ज्वारीचे पापडच ते, तीळ लावलेले, अगदी गोल. कोपऱ्यात कावळ्यासाठी काळी पिशवी पण बांधलेली. आई खालून ओरडली, "हात नको लावू रे, ओले आहेत! एवढी तापेल काच, वाया कायले जाऊ द्यायची?"

मी तिला समजावलं की आतली खणं एकामागं एक जोडलेली असतात, एखादं जरी झाकलं तरी सगळ्या रांगेचं पाणी अडतं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "पण दोन तासात वाळले बघ. तुझ्या यंत्रानं काहीतरी केलं." आबांनी पहिला बिबडा तळून खाल्ला आणि सोलर पास झाल्याचं जाहीर केलं.

बिबट्याला घाबरून लाईट केली आणि ती बिबड्यांनी खाल्ली.

मग जुलैत झड लागली. तीन दिवस सूर्य नाही. पहिल्या दिवशी मी टीव्ही बंद केला, दुसऱ्या दिवशी फ्रीज, तिसऱ्या दिवशी पंखे. नेमकी आईच्या सिरियलीत कोणाची तरी स्मृती परत येणार होती. ती दर दहा मिनिटांनी स्वयंपाकघरातून विचारायची, "लाईट कधी येईन?" आणि माझ्या तोंडून काय निघावं, "काम चालू आहे." दुसऱ्यांदा विचारलं तर म्हटलं, "वरूनच गेली आहे." खोटं नव्हतं, वरूनच गेली होती.

संध्याकाळी मी ओसरीवर अंधारात बसलेलो, तर मोबाईल वाजला. बघतो तर आई, आतल्या खोलीतून. मागून आबांचा आवाज येत होता, "तक्रार नंबर घेऊन ठेव."

मी उचललाच नाही.