तीन दिवसांचा कोर्स आणि कारखान्याचे फाटक

जून २०२३मध्ये लोणावळ्याजवळ द्रुतगती मार्गावर ज्वलनशील रसायनाचा टँकर उलटून पेटला आणि चार माणसे गेली. डिसेंबर २०२४मध्ये जयपूरला अजमेर रस्त्यावर वळण घेणाऱ्या एलपीजी टँकरला ट्रकने धडक दिली, गॅस पसरला आणि पेटला. अशा प्रत्येक वेळी मराठी वाहिन्यांवर एक वाक्य हमखास ऐकू येते, "परदेशात बघा, ड्रायव्हरला किती ट्रेनिंग असते!" जर्मनीत बसून हे ऐकताना सांगावेसे वाटते की तासांचा हिशेब केला तर ते खरे नाही.

युरोपात धोकादायक मालाची रस्त्यावरची वाहतूक एडीआर या कराराने चालते. त्यानुसार ड्रायव्हरचा मूळ कोर्स किमान १८ तासिकांचा असतो आणि एक तासिका ४५ मिनिटांची, म्हणजे साडेतेरा तास. टँकर चालवायचा असेल तर आणखी १२ तासिका, म्हणजे नऊ तास. एकूण साडेबावीस तास. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ९ तीन दिवसांचा कोर्स मागतो: पहिले दोन दिवस सुरक्षित ड्रायव्हिंग, तिसरा दिवस मालाची माहिती. फरक फार तर काही तासांचा. उजळणीतही आपण मागे नव्हतो. आपल्याकडे ती दरवर्षी एक दिवस होती. २०१९च्या दुरुस्तीने धोकादायक मालाच्या (हॅझार्डस) लायसन्सची मुदत तीन वर्षे झाली. इथले ड्रायव्हरचे एडीआर कार्ड पाच वर्षे चालते, आणि माझ्या मते ही मुदत जास्तच आहे.

मग खरा फरक कुठे आहे? पहिला परीक्षेत. जर्मनीत शिकवणारी संस्था वेगळी आणि परीक्षा घेणारे उद्योग-व्यापार मंडळ वेगळे. मूळ कोर्सला किमान २५ प्रश्न, टँकरला किमान १५ वेगळे. फी घेणाऱ्यानेच पास करायचे, हा प्रकार तिथे बंद होतो. आपल्याकडे मान्यताप्राप्त संस्थेचे प्रमाणपत्र आरटीओत दाखवले की लायसन्सवर नोंद होते. त्या तीन दिवसांत ड्रायव्हर वर्गात होता की गाडीवर, हे तपासणारा तिसरा कोणी त्यात नाही.

दुसरा फरक हातात काय दिले जाते याचा. एडीआरमध्ये आग विझवणे, प्रथमोपचार आणि अपघातात काय करायचे, याचा प्रत्यक्ष सराव प्रत्येकाने स्वतः करायचा असतो. सहा किलोचे पावडरचे सिलिंडर पंधरा-वीस सेकंदांत रिकामे होते, हे फळ्यावर लिहून कळत नाही. पिन काढली, घाबरून ज्वाळेच्या शेंड्यावर मारले की पावडर संपते आणि आग तशीच राहते. वाऱ्याकडे पाठ करून बुडाशी मारायचे, तेही फक्त टायर, ब्रेक किंवा इंजिन पेटले असेल तर. टाकीतला माल पेटला तर ड्रायव्हरने विझवायला जायचे नाही, दूर व्हायचे. एलपीजीच्या गळतीवर ज्योत असेल आणि गळती थांबवता येत नसेल तर ती विझवणे उलट घातक, कारण न जळलेला गॅस जमिनीलगत पसरून पुढे कुठेतरी पेट घेतो.

घाटात तर मालाचे वागणेच बदलते. अर्धी भरलेली टाकी पूर्ण भरलेल्या टाकीपेक्षा जास्त दगा देते. ब्रेक मारला की द्रव पुढच्या भिंतीवर आदळतो, वळणावर बाहेरच्या बाजूला चढतो. टाकीतले आडवे भोकांचे पडदे पुढे-मागे होणारी लाट अडवतात, बाजूची नाही. म्हणून एडीआरचा नियम असा: टाकीचे साडेसात हजार लिटरपर्यंतचे कप्पे केलेले नसतील, तर द्रव ८० टक्क्यांच्या वर तरी भरा किंवा २० टक्क्यांच्या आत तरी ठेवा. दोन ठिकाणी माल उतरवून अर्ध्या टाकीने खंडाळा उतरणाऱ्याला हे माहीत नसेल, तर वळणावरचा वेगाचा त्याचा अंदाज चुकणारच. त्यात डिझेल वाचवायला न्यूट्रल केले की इंजिनाचा ब्रेक गेला आणि सगळा भार ब्रेकच्या ड्रमवर आला. ड्रम तापले की पायाखाली काही लागत नाही. हेर्बॉर्न या जर्मन गावात ७ जुलै १९८७ला असाच ब्रेक निकामी झालेला पेट्रोलचा टँकर उतारावरून थेट इमारतीत घुसला होता.

पण सगळ्यात मोठा फरक माल भरून देणाऱ्या कारखान्याच्या फाटकावर आहे. इथे माल भरण्याआधी गाडी, कागद आणि ड्रायव्हरचे कार्ड बघणे हे भरणाऱ्याचे काम आहे, आणि काही कमी असेल तर भरायचेच नाही असा नियम आहे. त्या माणसालाही प्रशिक्षण सक्तीचे आहे. गाडी सरकू नये म्हणून चाकाला लावायचा ओट, रस्त्यावर उभी करायची दोन इशाऱ्याची चिन्हे, बहुतेक मालांसाठी (गॅस आणि स्फोटके सोडून) डोळे धुण्याचे पाणी, प्रत्येकाला जाकीट, हातातली बॅटरी, हातमोजे, चष्मा हे सगळे गाडीत हवे. अपघातात काय करायचे याची चार पानी सूचना ड्रायव्हरला वाचता येईल अशा भाषेत हवी.

आपल्याकडे असा नियम नाही असे कोणी म्हणू नये. नियम १३१ माल पाठवणाऱ्यावरच जबाबदारी टाकतो: गाडीची नोंदणी वैध आहे का, प्रथमोपचार आणि सुरक्षा साहित्य आहे का, ड्रायव्हर प्रशिक्षित आहे का, हे त्याने बघायचे. तेल कंपन्यांच्या डेपोत हे बऱ्यापैकी पाळले जाते. घसरते ते एमआयडीसीतल्या मधल्या कारखान्यांत, जिथे ट्रान्सपोर्टर ऐनवेळी बाजारातली गाडी पाठवतो आणि डिस्पॅचवाल्याला माल आजच काढायचा असतो. ट्रेम कार्ड, म्हणजे अपघातात काय करायचे याचे आपल्याकडचे सूचनापत्र, केबिनमध्ये असते, बहुतेकदा इंग्रजीत. मागचा माल मिथेनॉल, आजचा दुसराच, पण गाडीवरची मालाची पाटी कालचीच. मिथेनॉलची ज्वाळा उन्हात जवळपास दिसत नाही आणि साधा फेस त्यावर टिकत नाही, अल्कोहोलला टिकणारा फेस लागतो. पाटी चुकली की अग्निशमन दल चुकीचा फेस घेऊन उभे राहते.

जानेवारी २०२४मध्ये टँकरवाले संपावर गेले आणि पंपांवर रांगा लागल्या, तेव्हा वाद होता अपघातानंतर पळून जाणाऱ्याच्या दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा. जमावाच्या माराची भीती खरी आहे. पण धोकादायक मालाच्या ड्रायव्हरला इथे शिकवतात ते पळणेही नाही आणि थांबणेही नाही: इंजिन बंद, बॅटरीचा मुख्य स्विच बंद, आपत्कालीन नंबरला फोन, जाकीट घालून इशाऱ्याची चिन्हे लावणे, कागद हातात घेऊन वारा जिकडून येतो त्या बाजूला दूर जाणे आणि अग्निशमन दल आले की कागद त्यांना देणे. आपला नियम १३६सुद्धा ड्रायव्हरला जवळच्या पोलीस ठाण्यात कळवायला सांगतो. असे दूर जाणाऱ्याला पळपुटा ठरवायचे नाही, हे कायद्यात आणि हवालदाराच्या डोक्यात स्पष्ट असायला हवे.

म्हणून कोर्स तीनाऐवजी पाच दिवसांचा करा अशी मागणी कोणी केली, तर तिला माझा पाठिंबा नाही. परीक्षा संस्थेकडून काढून घ्या, खऱ्या आगीवर प्रत्येकाचा हात चालवा, आणि पुढच्या अपघातानंतर एफआयआरमध्ये गाडी भरून देणाऱ्या फाटकाचे नाव नियम १३१खाली येते का, ते बघा.