पंपाची मोटर आणि माझा डावा कान

सर्दी झालेल्या माणसाने घाट उतरू नये असं एसटीच्या तिकिटावर छापायला काय हरकत आहे? डोंबिवलीला साडूच्या मुलीचं लग्न, नाक दोन्ही बाजूंनी बंद, आणि पुण्याहून निघालेली बस लोणावळा सोडून खाली उतरायला लागली तसा माझा डावा कान जो गच्च बसला तो खोपोली गेलं, पनवेल गेलं, अक्षता पडल्या, मठ्ठा पिऊन झाला तरी सुटेना. शेजारच्या काकांनी सांगितलं नाक दाबून जोरात फुंकर मारा, मी मारली, कानात कुईं झालं आणि डोळ्यांतून पाणी आलं. मंगलाष्टकं मात्र अर्धीच ऐकू आली हा त्यातल्या त्यात फायदा.

पुण्यात परत आल्यावर दुसऱ्याच रात्री नवीन प्रकार सुरू झाला. दिवे मालवले, पडलो, आणि कानात ट्यूबलाईटचा चोक गेल्यावर येतो तसला बारीक ईईईई आवाज. उठून फ्रिज बघितला, मोबाईलचा चार्जर काढला, इन्व्हर्टरला कान लावला. बायको म्हणाली, "अहो, झोपा आता, इन्व्हर्टर काही बोलत नाहीये." तिला काहीच ऐकू येत नव्हतं म्हणजे आवाज माझ्या खाजगी मालकीचा होता.

सकाळी आई पळीत तेल आणि लसूण तापवून तयारच होती. मी कसाबसा निसटून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी विचारलं, "तेल घातलं का?" नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा एवढा खुलला की बहुतेक मी त्या दिवसाचा पहिलाच कोरडा कान असणार. मग ती काचेच्या खिडकीची बंद खोली, डोक्यावर हेडफोन, हातात बटण, बीप ऐकू आला की दाबायचं. आता माझ्या कानात मुळातच एक बीप चोवीस तास चालू, त्यात मशीनचा कुठला आणि घरचा कुठला हे कसं ओळखायचं? अंदाजपंचे दाबत सुटलो. बाहेरची मुलगी शेवटी म्हणाली, "काका, मी अजून सुरू केलेलं नाहीये."

डॉक्टर चांगले होते, कागदावर चित्र काढून सांगितलं. नाकाच्या मागच्या बाजूपासून मधल्या कानापर्यंत साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास लांबीची एक नळी असते, युस्टेशियन ट्यूब. एरवी ती मिटलेली, आपण गिळलं किंवा जांभई दिली की क्षणभर उघडते आणि पडद्याच्या आतला-बाहेरचा दाब सारखा करते. लोणावळा समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या वर, तिथून खाली येताना बाहेरच्या हवेचा दाब वाढत जातो, आणि सर्दीने नळी सुजून बसली असेल तर पडदा आत ओढला जातो, दडा बसतो. सर्दी असताना नाक दाबून जोरजोरात फुंकायचं नाही, त्यापेक्षा नाक दाबून घोटभर पाणी गिळायचं. नाकाचा स्प्रे दिला. दडा सुटेल म्हणाले, वेळ लागेल.

"आणि आवाज?"

त्याचं असं की कानाकडून येणारा आवाज कमी झाला की मेंदू आपला व्हॉल्यूम वाढवतो, आणि मग जे नाही तेही ऐकू यायला लागतं. त्याला थेट बंद करणारी गोळी नाही. शांत खोलीत झोपू नका, काहीतरी हलकं वाजत ठेवा, आणि सारखं त्याच्याकडे लक्ष देऊ नका. (हे तिसरं ज्याने सांगितलं त्याला टिनिटस, म्हणजे हा कानातला आवाज, नाही एवढं नक्की.)

घरी येऊन अर्थातच रात्री दोनपर्यंत मोबाईलवर वाचत बसलो. १९५३ साली अमेरिकेत हेलर आणि बर्गमन या दोघांनी ऐकू नीट येणाऱ्या ८० लोकांना एकेक करून आवाजबंद खोलीत बसवलं तर त्यातल्या ९४ टक्के लोकांना कुठला ना कुठला आवाज ऐकू आला. म्हणजे रातकिडा सगळ्यांकडेच आहे, बाकीच्यांकडे गोंगाट जास्त आहे इतकंच. बीथोव्हनने १८०१ साली आपल्या डॉक्टर मित्राला लिहिलेल्या पत्रात कान रात्रंदिवस वाजतात असं लिहिलंय आणि एका वैद्याने कानासाठी बदामाचं तेल दिलं, उपयोग झाला नाही, असंही. हे मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बदामाचं कशाला? लसणीचं घालायला हवं होतं."

मग मी माळ्यावरचा जुना टेबल फॅन काढला, जो भंगारात द्यायचा म्हणून बायको दर दिवाळीला आठवण करते. तो उजवीकडे गुपचूप जातो आणि डावीकडे वळताना टक् करतो, घर्रर्र, टक्, घर्रर्र, टक्, आणि त्या घरघरीत माझा ईईई असा मिसळून गेला की शोधावा लागायला लागला. भर थंडीत फॅन, बायको दोन चादरी आणि कानटोपी घालून माझ्याकडे पाठ करून झोपते, पण मी झोपतो! दडाही एका दुपारी वरण-भात खाता खाता पट्कन सुटला, आणि घरात भांडी इतक्या जोरात घासतात हे समजलं. ईईई मात्र मुक्कामाला राहिला.

पहाटे पाचला आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या पंपाची मोटर सुरू व्हायची. काय तिचा आवाज! खर्जातला, भिंतीतून येणारा, भरदार. फॅन बंद करून त्या मोटरवर मी सकाळची उत्तम झोप काढायला लागलो.

परवा सेक्रेटरी पेढे घेऊन घरी आले. "काका, तुम्ही मागच्या वर्षी मोटरच्या आवाजाबद्दल लेखी तक्रार दिली होतीत ना? जनरल बॉडीत घेतली. कालच नवीन पंप बसवला, एकदम सायलेंट. सगळं श्रेय तुमचं!"

बायको म्हणाली, "अहो, पेढा घ्या ना."