समाजमंदिराची किल्ली

गेली नऊ वर्षे मी मराठवाड्यातल्या माझ्या गावात आणि आसपासच्या वाड्या-तांड्यांवर किशोरवयीन मुलामुलींच्या गटांबरोबर काम करते आहे. या काळात ‘जीवन कौशल्ये’ हे शब्द मी इतक्या फलकांवर आणि प्रमाणपत्रांवर वाचले आहेत, की ते मुळात कोणासाठी आणि कशासाठी आले, हे पुन्हा एकदा नीट मांडावे असे वाटले. म्हणून ही मोठी पोस्ट.

सुरुवात माझ्या अनुभवापासून करते. बारावीला मला चांगले गुण होते. शिष्यवृत्तीसाठी खाते उघडायला मी तालुक्याच्या गावी एका बँकेत गेले, तेव्हा खिडकीतून माझा अर्ज “हे चुकलंय” एवढे सांगून परत देण्यात आला. काय चुकले ते विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. एसटीने घरी आले, अंदाजाने अर्ज पुन्हा भरला आणि दुसऱ्यांदाही तसाच परत घेऊन आले. तिसऱ्या वेळी चुलते सोबत आले आणि काम दहा मिनिटांत झाले. मला त्रिकोणमिती येत होती, पण “साहेब, नेमके कुठे चुकले ते दाखवा” हे एक वाक्य येत नव्हते. बारा वर्षांच्या शाळेत ते कोणी माझ्याकडून म्हणवून घेतले नव्हते आणि घरात तर मुलीने प्रश्न न विचारणे हाच गुण समजला जात होता.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात शाळांसाठी जी दहा जीवन कौशल्ये मांडली, त्यांत स्वतःची ओळख, समानुभूती, निर्णय घेणे, प्रश्न सोडवणे, परिणामकारक संवाद, भावना आणि ताण हाताळणे असे सारे काही आहे. त्या यादीविषयी माझी तक्रार नाही. अडचण तिथून पुढे सुरू होते. दोन दिवसांची कार्यशाळा घेतली जाते, दहा कौशल्यांची दहा सत्रे होतात, मुले वहीत व्याख्या उतरवून घेतात, शेवटी समूहछायाचित्र निघते आणि अहवालात ‘लाभार्थी १२०’ असा आकडा पडतो. अशा कार्यशाळा मीही घेतल्या आहेत. वर्षभराने त्याच मुलींना भेटल्यावर त्यांना माझे नाव आठवत होते, परंतु ग्रामपंचायतीत जाऊन साधा रहिवासी दाखला मागायला त्या अजूनही धाकट्या भावाला पाठवत होत्या.

याच्या उलट, पैठण तालुक्यातल्या पाचोड परिसरात १९९० च्या दशकाच्या अखेरीस झालेले काम मला फार मोलाचे वाटते. तिथल्या आरोग्य व्यवस्थापन संस्थेने अविवाहित किशोरी मुलींसाठी वर्षभराचा जीवन कौशल्य अभ्यासक्रम चालवला. सोमवार ते शुक्रवार, रोज संध्याकाळी फक्त एक तास, आणि तोही गावातच. शिकवणारी बाई गावातलीच, जेमतेम सातवीच्या पुढे शिकलेली, पण प्रत्येक घर ओळखणारी. विषयांत आरोग्य आणि पोषण होते, तसेच गावातल्या सरकारी संस्था कशा चालतात हेही होते. पालकांशी बोलणे हा कामाचाच भाग होता. या प्रयोगाच्या अभ्यासात १९९७ ते २००१ या काळात त्या गावांतील मुलींच्या लग्नाचे मध्यक वय, म्हणजे ज्या वयापर्यंत निम्म्या मुलींची लग्ने झालेली असतात ते वय, १६ वरून १७ वर गेल्याचे दिसले. शहरात बसून हे वाचणाऱ्याला एक वर्ष थोडे वाटेल, परंतु आमच्याकडे सोळा आणि सतरा यांच्यामध्ये दहावीचा निकाल, अकरावीचा प्रवेश आणि पहिले बाळंतपण यांतले काय आधी येणार, हे ठरत असते.

हा प्रश्न जुना झाला असे समजू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झाले होते आणि परभणी जिल्ह्यात हे प्रमाण ४८ टक्के होते. ज्या घरातून आई-वडील दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, त्या घरातल्या मुलीला गावात एकटी ठेवण्यापेक्षा तिचे लग्न लावून देणे पालकांना सुरक्षित वाटते. तिला ‘निर्णयक्षमता’ शिकवून भागत नाही, कारण निर्णय तिचा नसतोच. गटात तिच्यासोबत आणखी पंधरा मुली असतील, त्या गटाची ताई तिच्या आईच्या ओळखीची असेल आणि हंगामात तिच्या राहण्याची सोय गावाने केली असेल, तरच तिच्या ‘नाही’ला वजन येते. आमच्या गटांचे वर्षही आम्ही आता एप्रिल ते दसरा असे धरतो. जूनमध्ये सुरू होऊन मार्चमध्ये संपणारा कार्यक्रम आमच्याकडे दिवाळीनंतर अर्धा रिकामा होतो, हे आराखडा करणाऱ्यांना अनेकदा माहीतच नसते.

हाताच्या कामातूनही हीच शिकवण कशी होते ते पाहायचे असेल, तर शिरूर तालुक्यातले पाबळ पाहावे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. वेल्डिंग, वायरिंग, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य असे सारे मुले प्रत्यक्ष करून शिकतात. वस्तू कोणासाठी तरी बनवायची असली की मोजमाप, खर्चाचा हिशेब आणि चूक कबूल करणे हे तिघे आपोआप सोबत येतात.

महाविद्यालयीन मुलांसाठी १९६९ पासून राष्ट्रीय सेवा योजना आहे, तिच्यात वर्षाला १२० तासांचे काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर असते. त्या शिबिरांतून घडलेली कितीतरी माणसे मी ओळखते आणि त्या योजनेविषयी मला आदर आहे. परंतु शिबिर ज्या गावात भरते, त्या गावातल्या दहावीत शाळा सुटलेल्या मुलाच्या हाती त्या सात दिवसांत सहसा काही लागत नाही. तो मंडपाच्या कडेला उभा राहून पाहत असतो. मला चिंता त्याची आहे.

खरे तर गावाकडे स्वतःची एक जुनी शाळा आहेच. हरिनाम सप्ताह, यात्रा कमिटी, गणेश मंडळ यांतून मुले वर्गणी मागायला शिकतात, नकार पचवतात, पावतीपुस्तक सांभाळतात, हजार माणसांच्या पंगतीचा अंदाज बांधतात आणि शेवटी चारचौघांत हिशेब वाचून दाखवतात. संवाद, नियोजन, ताण हाताळणे, सगळे त्यात आले. उणीव एवढीच की या शाळेत बहुतेक ठिकाणी मुलींना प्रवेश नाही, आणि वस्तीवरच्या मुलांना वाढप्याच्या पुढची जबाबदारी क्वचितच मिळते. युवा कार्यक्रमाने नवे काही शोधण्याआधी हीच पावतीपुस्तके आणि हीच हिशेबाची वही त्यांच्याही हाती दिली, तरी फार मोठे काम होईल.

मुलींच्या बाबतीत अडथळे किती साधे असतात, याचा अनुभव मला पहिल्याच वर्षी आला. एका वस्तीवरून चार मुली येईनाशा झाल्या, म्हणून मी घरी गेले. त्यांतल्या एकीची आई म्हणाली, “ताई, शिकायला आमची ना नाही. पण येताना अंधार असतो, अन् पुलापाशी दिवा नाही.” आम्ही तास अर्ध्या तासाने आधी घेतला. मग मुलींनी स्वतः दिव्यासाठी अर्ज लिहिला, पोहोच घेतली आणि महिला ग्रामसभेत तो विषय मांडला. दिवा लागायला सात महिने गेले. त्या सात महिन्यांत मुली ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे पाच वेळा गेल्या, आणि पाचव्या वेळी मी सोबत नव्हते.

म्हणून माझे आग्रहाचे मागणे आहे की शिबिरांची संख्या वाढवण्याआधी गावातल्या त्या ताईचे किंवा दादाचे मानधन ठरवा आणि ते वेळेवर द्या. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. त्यातून कपाट, चटया आणि दिव्याचा खर्च सहज निघेल. एक खोली, एक ठरलेला तास आणि दोन-तीन वर्षे टिकणारे माणूस एवढे मिळाले, तर पुढचे बरेचसे मुलेच करतात.

आमच्या गावात समाजमंदिराची किल्ली पूर्वी एका कारभाऱ्यांच्या घरी असायची आणि मुली त्यांच्या दारात ताटकळत उभ्या राहायच्या. मागच्या वर्षी गटाने लेखी मागणी केली, मासिक सभेत चर्चा झाली आणि किल्ली गटाकडे द्यायचा ठराव झाला. आता ती सतरा वर्षांच्या एका मुलीकडे असते. ती रोज साडेपाचला कुलूप उघडते, झाडून घेते, वहीत वेळ लिहून सही करते. परवा तिला ताप होता, तर तिने आदल्या रात्रीच दुसरीच्या घरी जाऊन किल्ली दिली आणि वहीत तशी नोंद केली.