37 ठिकाणी टॉमी

परवा कुठेसं लॉगिन करायला गेलो तर ब्राउझरने पाटीच लावली: 'तुमचा पासवर्ड डेटा लीकमध्ये आढळला आहे. तो आताच बदला.' सूर असा, की जणू मीच तो चौकात ओरडून सांगितला होता.

'तपासा' दाबलं. 37 खाती धोक्यात. पासवर्ड मात्र एकच! कॉलेजात असताना रचलेला: कुत्र्याचं नाव आणि माझं जन्मसाल. टॉमी1981. टॉमी जाऊन बारा वर्षं झाली, पण अजून 37 दारांशी शेपूट हलवत उभा.

पहिला संशय ब्राउझरच्या पासवर्ड मॅनेजरवरच, म्हणजे पासवर्ड जपून ठेवणाऱ्यावरच आला. चोरी झाली हे याला कसं कळलं? म्हणजे माझा पासवर्ड हा गावभर विचारत हिंडला असणार! मुलीने समजावलं, की असं नसतं. ट्रॉय हंट नावाच्या गृहस्थांनी 2013 साली 'हॅव आय बीन पोन्ड' ही, आपली माहिती कुठे फुटली आहे का ते सांगणारी साइट सुरू केली. तिथे पासवर्ड तपासताना त्याचा हॅश, म्हणजे पार भुगा करतात आणि त्यातली पहिली पाचच अक्षरं बाहेर पाठवतात. फुटलेल्या पासवर्डांचे तशी सुरुवात असलेले सगळे हॅश परत येतात आणि जुळणी आपल्याच यंत्रावर होते. तिने तिथे टॉमीला तपासलं. चारशे अकरा वेळा फुटलेला! म्हणजे माझं हे गुपित जगात आणखी कितीजणांना सुचलं होतं, देव जाणे. चोरीपेक्षा हेच जास्त लागलं.

मग बदलायला बसलो. मॅनेजरने पंधरा अक्षरांचा अगम्य पासवर्ड सुचवला. एका साइटला तो लांब वाटला. बाराच्या वर नको म्हणाली. दुसरीला त्यातलं चिन्ह चालेना. तिसरीने आधी जुना मागितला. टॉमी1981 टाकला, तर 'चुकीचा पासवर्ड'! जगभरच्या चोरांकडे असलेला माझा पासवर्ड तिथे कधीच बदललेला होता, आणि ते मलाच आठवत नव्हतं.

रात्री दहापर्यंत 37चे 34 झाले. तेवढ्यात टीव्ही लॉगआउट झाला. आता तो अगम्य पासवर्ड रिमोटच्या बाणांनी, एकेक अक्षर शोधत टाकायचा. मुलगी फोनवरून वाचून दाखवत होती.

"मोठा क्यू. छोटा एल. थांबा, एल नाही, मोठा आय आहे."

"आय आणि एल सारखेच दिसतात गं!"

"मागे घ्या. नाही, एवढे मागे नाही."

तेराव्या अक्षराला टीव्हीने पुन्हा पहिलं पान दाखवलं. टॉमीला फक्त फोटोत पाहिलेली माझी मुलगी सुस्कारा टाकून म्हणाली, "बाबा, टॉमी किती गुणी होता ना?"